विषय क्रमांक बारा समकक्ष नाही

ज्या दारातून सगळ्यांना आत जाता येतं त्याला दार म्हणत नाहीत, भगदाड म्हणतात. दार मुळात लोकांना बाहेर ठेवण्यासाठी असतं, आणि जितके जास्त लोक बाहेर, तितकं आतल्यांना आत असल्यासारखं वाटतं. कॅलिफोर्नियातलं उच्च शिक्षण या तत्त्वावर उभं आहे. मी गेली एकोणीस वर्षं त्याची सेवा करतो आहे, म्हणजे बाहेरच्या बाजूने.

आमचं ओरो सेको कॉलेज हे भगदाडांपैकी आहे. दोन वर्षांचं कॉलेज, एका अंगाला बदामाच्या बागा, दुसऱ्या अंगाला गोठे. वारा कुठून येतोय यावर वर्गात कसला वास येणार ते ठरतं. प्रवेशाची अट एकच, अर्जावर सही करता आली पाहिजे. (येत नसेल तर त्याचाही वर्ग आहे, सोमवार-बुधवार.) इथे दोन वर्षं काढायची आणि मग सत्तर मैलांवरच्या टेकडीवरच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला बसायचं, असा राजमार्ग शासनाने आखून दिला आहे. त्या मार्गाच्या तोंडाशी 'बदली कक्ष' अशी पाटी लावलेली एक खोली आहे आणि तिच्यात वाटाड्या म्हणून मी बसतो. मी स्वतः टेकडीवर दोनदा गेलो आहे, दोन्ही वेळा गाडी लावायला जागा मिळाली नाही.

विद्यापीठ थोर आहे यात वाद नाही. गेल्या साली त्यांनी शंभरातल्या एक्याण्णव अर्जदारांना नकार दिला. यंदा त्र्याण्णवांना दिला, आणि त्या प्रीत्यर्थ टेकडीवर रोषणाई झाली. दहा वर्षांत हा आकडा अठ्ठ्याण्णववर न्यायचा संकल्प आहे. प्रत्येकालाच नकार देता येईल तो सोन्याचा दिवस आता फार लांब नाही, असं तिथले लोक खासगीत म्हणतात. त्या दिवशी शिकवण्याचं काम उरणार नाही, पण ते तसंही दुय्यम होतं.

आमचीही कामगिरी कमी नाही. दर साली चौदाशे नवे विद्यार्थी येतात, त्यातले साडेअकराशे पहिल्याच दिवशी सांगतात की आम्ही टेकडीवर जाणार. दोन वर्षांनी साठ जातात. वार्षिक अहवालात आम्ही यशाचं प्रमाण त्र्याऐंशी टक्के दाखवतो. त्यासाठी प्रवेशपत्र मिळाल्यावर आभार मानायला कक्षात आलेल्यांनाच हिशेबात धरतो. (उरलेले सतरा टक्के केक न आणणारे.)

या सगळ्या व्यवहाराचा पाया म्हणजे समकक्षता कोष्टक. दोनशे चौदा पानं, डावीकडे आमचे विषय, उजवीकडे त्यांचे, मध्ये बाण. बाण असेल तर आमच्याकडे शिकलेलं तिथे शिकल्यासारखं धरतात. बाण नसेल तर 'समकक्ष नाही' असे दोन शब्द असतात, आणि मग तो विषय माणूस शिकलाच नाही असं सर्वांनी मिळून समजायचं, त्या माणसासकट. उदाहरणार्थ, आमचं पोहणं त्यांच्या पोहण्याशी समकक्ष आहे, पण आमचं बुडणाऱ्याला वाचवणं समकक्ष नाही. तिथे बुडण्याचा दर्जा वेगळा असावा.

आता फिलोमेना तावारेस हिच्याविषयी. चौदा नंबरच्या रस्त्यावर साठ गाईंचा गोठा असलेल्या आंतेरू तावारेस यांची ही वीस वर्षांची मुलगी. अझोरेस बेटांवरून यांचे पणजोबा आले तेव्हापासून हे लोक गाई पाळतात आणि दर उन्हाळ्यात देवळाच्या जत्रेत येईल त्याला गोमांसाचा रस्सा वाढतात. सोपास म्हणतात त्याला. पावाच्या जाड तुकड्यांवर ओततात, वर पुदिना घालतात. पैसे घेत नाहीत, नाव विचारत नाहीत, दोन हजार माणसं जेवून जातात. कुणालाच नकार देत नसल्यामुळे त्या रश्श्याला अजून एकही मानांकन मिळालेलं नाही.

फिलोमेनाने आमच्याकडे विषय क्रमांक बारा घेतला, 'जमिनीखालचं पाणी'. शिकवणारे प्राध्यापक लायल बर्कमायर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरचा अभ्यास दिला: आपापल्या घरच्या बोअरचं पाणी किती खोल आहे ते मोजून आणा. पोलादी फितीला खडू फासायचा, फीत बोअरमध्ये सोडायची, वर ओढायची, खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचं. वर्गातल्या बाकीच्यांनी एकदा मोजलं आणि गुण घेतले. फिलोमेना थांबलीच नाही. दर रविवारी चर्चमधून आल्यावर ती चौदा नंबरच्या रस्त्यावरच्या एकतीस बोअरमध्ये फीत सोडत गेली, पावणेदोन वर्षं. असं आमच्याकडे पूर्वी घडलं नव्हतं आणि घडलं तर कुठे नोंदवायचं याचा फॉर्मही नव्हता.

त्या नोंदींवरून तिने बारा पानांचा अहवाल लिहिला. शेजारी एका कंपनीने बदामाची नवी बाग लावली होती, तिचे खोल पंप रात्रंदिवस पाणी ओढत होते. पातळी याच वेगाने खाली गेली तर तिथून तिसऱ्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरचे बोअर कोरडे पडतील, असं तिचं गणित सांगत होतं. उपायही दिला होता: खोल पंप त्याआधीच्या जुलैपासून आठवड्यातले तीन दिवस बंद ठेवायचे, एवढं पुरे. अहवाल तिने आधी मला वाचायला दिला. मी तो कपाटात ठेवला. (बदली कक्षात पाण्याचा अहवाल वाचण्याची तरतूद नाही.) मग तिने तो पाणी मंडळाकडे पाठवला. आठ दिवसांत उत्तर आलं, आमच्या भागात ही विक्रमी तत्परता समजतात.

'उपरोक्त अहवालावर जलशास्त्राच्या मान्यताप्राप्त पदवीधराची सही आढळून येत नाही. सबब आशय वाचण्यात आलेला नाही.'

ते पत्र घेऊन ती माझ्यासमोर येऊन बसली. रडली वगैरे नाही. माझ्याच कॅलेंडरवर बोट ठेवून तिने हिशेब केला: टेकडीवर दोन वर्षं, जूनमध्ये पदवी, जुलैत मंडळाची बैठक, ऑगस्टमध्ये पाणी संपतं.

"एक महिना शिल्लक राहतो, सर," ती म्हणाली. "होईल ना?"

मी म्हटलं, होईल. हे उत्तर मी सगळ्यांनाच देतो, पण त्या दिवशी ते खरं व्हावं असं मला मनापासून वाटलं.

अर्ज भरला. अर्जात चार निबंध असतात, त्यातल्या एकात आपण काय सोसलं ते सांगायचं असतं. तिने खडू आणि फितीबद्दल लिहिलं. मी समजावलं की बाई, दुष्काळ चालेल, पण त्यात तुझं दुःख कुठे आहे? ती म्हणाली, दुःख ऑगस्टात आहे, अजून यायचंय. एवढं करूनही एप्रिलमध्ये पत्र आलं, फिलोमेना शंभरातल्या सातांत होती. मी केकची वाट पाहत होतो तेवढ्यात दुसरं पान उलटलं. आपला विषय क्रमांक बारा हा विद्यापीठाच्या बारा-अ या विषयाशी समकक्ष नसल्याने तो पुन्हा करावा, त्यानंतरच पुढचे तीन विषय एकापाठोपाठ एक घेता येतील. बारा-अ फक्त शरद सत्रात असतो. एकूण वाढ, एक वर्ष.

एक वर्ष म्हणजे कुणाला फारसं वाटणार नाही. पण तिच्याकडे एक महिना होता.

अपील करायला तीस दिवसांची मुदत असते, आम्ही तिसऱ्या दिवशी केलं. अपील समकक्षता समितीकडे जातं. समितीत तीन सदस्य. पहिले वर्षभराच्या अभ्यासरजेवर इटलीत होते. दुसरी जागा नेमणूक होईपर्यंत रिकामी होती आणि नेमणूक समितीच्या शिफारशीने व्हायची होती. कायम प्राध्यापकांना अशा कामाला वेळ नसतो म्हणून तिसऱ्या जागी एक तासिका तत्त्वावरचे शिक्षक बसवले होते. हजर असतील तेवढ्यांची गणसंख्या पूर्ण मानावी असा नियम होता. हे तिसरे सदस्य म्हणजे प्राध्यापक लायल बर्कमायर.

इथे वाचकाला वाटेल की नावात काही घोटाळा झाला आहे. तसं नाही. बर्कमायर सोमवार-बुधवार आमच्याकडे बारा शिकवत आणि मंगळवार-गुरुवार टेकडीवर बारा-अ. पुस्तक एक, टिपणं एक, प्रश्नपत्रिका एक. वरची तारीख तेवढी बदलत. आमच्या भागात निम्मे शिक्षक असेच हमरस्त्यावर जगतात. बर्कमायरना दोन्हीकडे खोली नव्हती, त्यांचं कार्यालय म्हणजे त्यांची गाडी. तिच्यात दोन मग होते, दोन ओळखपत्रं होती, आणि मागच्या खिडकीशी हँगरवर एक तपकिरी कोट लोंबत असे. तो फक्त टेकडीसाठी होता. अर्ध्या वाटेवर एक पेट्रोल पंप आहे, तिथे ते अंगातला स्वेटर काढून कोट चढवत. आमच्याकडे येताना उलट.

मी फिलोमेनाला घेऊन त्यांच्या गाडीपाशी गेलो. बुधवार होता, ते पुढच्या सीटवर डबा खात होते. तिने नमस्कार करून सरळ विचारलं की बारा तुम्हीच शिकवलात ना.

"मीच. आणि तू पहिली आलीस. बावीस वर्षांत तुझ्यासारखी कुणी नव्हती."

"मग तो समकक्ष नाही असं लिहिलं कुणी?"

त्यांनी घास संपवला. "त्याबद्दल मला आत्ता बोलता येत नाही गं. आत्ता मी इथला आहे."

मी म्हटलं, सर, कोट मागेच आहे. त्यांनी थोडा विचार केला, मग हात लांबवून कोट घेतला आणि बसल्या बसल्या अंगात घातला. आवाजही जरा बदलला.

"हे बघ," ते म्हणाले, "तो माणूस कसा शिकवतो ते मला आतून ठाऊक आहे. मी त्याला ओळखतो. मी डोळे झाकून सही नाही करू शकत."

"तिथे वेगळं काय शिकवता?"

प्रामाणिक माणूस. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं.

"तिथे मी कोट घालतो," ते म्हणाले. मग पलीकडची काच वर करून हळू आवाजात म्हणाले, "पोरी, दोन्ही सारखंच आहे असं मी लिहून दिलं तर तिथली पोरं विचारतील, आम्ही दसपट फी कशाला भरतोय? आणि इथली विचारतील, आम्ही तिथे जायचं कशाला? दोन्हीकडची माझी भाकरी जाईल. माझंही घर आहे. हे एक वाक्य सोड, बाकी तू सांगशील ते लिहून देतो."

त्यांनी शब्द पाळला. विद्यापीठाच्या शिक्क्याच्या कागदावर त्यांनी फिलोमेनाची अशी शिफारस केली की मी ती दोनदा वाचली. समितीने, म्हणजे त्यांनी, ती सहानुभूतीने विचारात घेतली. निकालात पुढील शेरा होता: 'शिफारस अत्यंत प्रभावी आहे. तथापि शिफारस करणाऱ्यांचा विद्यार्थिनीशी परिचय एका समकक्ष नसलेल्या विषयापुरताच आहे, ही बाब नजरेआड करता येत नाही.' अपील फेटाळलं.

त्या उन्हाळ्यात बर्कमायर जत्रेला आले, स्वेटरही नव्हता, नुसता सदरा. आंतेरूंनी त्यांना स्वतःच्या हाताने दोन वाडगे सोपास वाढला. मुलीचं काय झालं ते त्यांना माहीत होतं. दुसरा वाडगा ठेवताना ते म्हणाले, "घ्या मास्तर. पलीकडच्या टेबलावरचा पण ह्याच हंड्यातला आहे." बर्कमायर मान खाली घालून जेवले. पाव पुसून खाल्ला.

शरद सत्रात फिलोमेना टेकडीवरच्या वर्गात तिसऱ्या रांगेत बसली. तेच पुस्तक, तीच टिपणं. चौथ्या तासाला बर्कमायर स्पंजाचा विनोद करतात, तो त्यांनी त्याच मिनिटाला केला. वर्ग हसला. ती आधीच एकदा हसलेली असल्यामुळे हसली नाही, तिच्या नावापुढे 'वर्गातील सहभाग कमी' अशी नोंद झाली. मग घरचा अभ्यास आला, आपापल्या घरच्या बोअरचं पाणी मोजा. टेकडीवरच्या मुलांच्या घरी पाणी नळाला येतं, त्यामुळे त्यांना तो प्रश्न कल्पनेने सोडवण्याची सवलत होती. सत्र परीक्षेत तिने तेच उत्तर लिहिलं ज्याला ओरो सेकोत शंभरापैकी शंभर मिळाले होते. इथे शहाऐंशी मिळाले. समासात तपकिरी कोटातल्या अक्षरात शेरा होता: 'उत्तर बिनचूक आहे, पण कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं.'

(उत्तरपत्रिका मी पाहिली आहे. तिने त्या शेऱ्याखाली पेन्सिलीने 'हो' असं लिहिलं आहे.)

दर रविवारी ती घरी यायची आणि फीत सोडायची. फीत पुरेना तेव्हा तिने दुसरी जोडून घेतली. दुसऱ्या वर्षाअखेरच्या जुलैत, म्हणजे ज्या बैठकीसाठी तिने सगळा हिशेब केला होता त्या बैठकीत, ती प्रेक्षकांच्या खुर्चीतून उठून तीन मिनिटं बोलली. मंडळाने टाळ्या वाजवून तिचं कौतुक केलं आणि पदवी झाल्यावर अवश्य या असं सांगितलं. अकरा महिनेच राहिलेत की, असं अध्यक्षीणबाई प्रेमाने म्हणाल्या.

नऊ ऑगस्टला सकाळी आंतेरूंच्या गोठ्यातला पंप हवा ओढू लागला. फितीवरचा खडू वरपासून खालपर्यंत पांढरा आला. पंधरवड्यात रस्त्यावरचे सव्वीस बोअर गेले, ख्रिसमसपर्यंत उरलेले पाच. मी रविवारी गेलो तेव्हा गाई ट्रकमध्ये चढवत होते. साठ गाईंना टँकरचं पाणी पुरत नाही. मी आपलं म्हटलं की फिलोमेनाचं आता एकच वर्ष राहिलंय.

"हो ना," आंतेरू म्हणाले. "पाण्याला कुणी पत्र पाठवलं नव्हतं का, की जरा थांब म्हणून?"

मला तिथे फार वेळ उभं राहता आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये फिलोमेनाला पदवी मिळाली. त्याच आठवड्यात तिने तो जुना अहवाल पुन्हा मंडळाकडे पाठवला. बारा पानं, एक शब्द बदलला नव्हता, तारीखसुद्धा जुनीच. शेवटी सही तेवढी होती. मंडळाने तो एकमताने स्वीकारला. ठरावात म्हटलं आहे की अहवाल अत्यंत दूरदर्शी असून त्यातला अंदाज महिन्यापर्यंत अचूक ठरला आहे, आणि असं काम आपल्या भागातल्या तरुणांकडून वेळेवर होत राहावं. खोल पंपांविषयीची शिफारस अधिक अभ्यासासाठी उपसमितीकडे सोपवली. मात्र परिस्थितीचं गांभीर्य ओळखून चौदा नंबरच्या रस्त्यावरच्या एकतीस बोअरमधून पाणी उपसायला तत्काळ बंदी घातली. बंदी शंभर टक्के पाळली जात आहे.

बर्कमायर अजून शिकवतात, दोन्हीकडे. विषय क्रमांक बारा अजून समकक्ष नाही. फिलोमेना आता पाणी मंडळातच नोकरीला आहे. तिच्या टेबलावर येणाऱ्या कागदांवर आधी सही आहे का ते बघायचं, असं तिला पहिल्याच दिवशी शिकवण्यात आलं. ती शेवटून नाही, पहिल्या पानापासून वाचते, त्यामुळे तिचं काम साचतं. गोपनीय अहवालात तशी नोंद आहे.

राहता राहिला एक खुलासा. गाई ट्रकमध्ये चढवल्या तिथपर्यंतची ही हकीकत फिलोमेनाने त्याच शरदात स्वतःच लिहिली होती आणि स्वतःच्या नावाने एका मासिकाला पाठवली होती. त्यांनी कळवलं की विषय चांगला आहे, पण लेखिका कोण? आणखी तीन ठिकाणांहून तसंच उत्तर आलं. शेवटी तिने पदरच्या पैशांनी त्याची पत्रकं छापली आणि गावोगावी वाटली. मग नोकरी लागल्यावर तिने तो मजकूर माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सर, एकोणीस वर्षांचा अनुभव तुमच्याकडे आहे. सही करा." मी 'मी'च्या जागी 'फिलोमेना' घातलं, पदवीपासून पुढचं जोडलं. माझ्याबद्दलची वाक्यं तिने लिहिली होती त्याहून किंचित सौम्य केली. कंस माझे आहेत. खाली माझं पद घालून पाठवलं, आणि लगेच स्वीकारलं गेलं.

पत्रक तुमच्याही हातात आलं होतं. नाव पाहिलंत, ओळखीचं वाटलं नाही, घडी घालून खाली ठेवलंत. तेव्हा पाणी एकशे नव्वद फुटांवर होतं, पाच बोअर अजून चालू होते.

वेंडेल प्रूइट
ज्येष्ठ समुपदेशक, बदली कक्ष